शाल पांघरलेला ऑर्विल टेट

रविवार, १६ सप्टेंबर २००७
प्लेनो, आपलं गराज

ताई,

पहिले कबुली. पाकिटावरचं अक्षर आईचं नाहीये, माझं आहे. नॅशव्हिलचा एन ती कसा डोक्यावर शेंडी ठेवून काढते, तसा जमायला मी अर्धा पॅड वाया घालवला. काय करू? माझे ईमेल तू उघडत नाहीस, फोन उचलत नाहीस. आईचं पाकीट मात्र तू फेकणार नाहीस हे मला माहितीये. आता उघडलंच आहेस तर वाच. फाडू नकोस.

आणि ही छोटी कबुली झाली. मोठी ही, की काल मी ऑर्विल टेटला मंडळाच्या गणपतीत स्वामी म्हणून बसवला.

हो, तोच! आपला ऑर्विल टेट! ज्याची कॅसेट आपण त्या म्हातारीच्या गराज सेलमधून आणली होती, आणि जी बाबांनी, तू घर सोडलंस त्या भांडणात, तुझ्या डोळ्यांदेखत ट्रॅश कॅनमध्ये टाकली, तो. जिवंत आहे. दाढी छातीपर्यंत आलीये, पाठीवर पांढरी वेणी आहे, आणि मोदक खातो!

शपथ, प्लॅन काही नव्हता. नीट सांगतो.

यंदा मंडळाचे अध्यक्ष बाबा आहेत. मागच्या गणपतीत मी अध्यक्षांच्या माइकला एको लावला होता, ‘बंधू-भगिनींनो-नींनो-नींनो’, म्हणून यंदा मला स्टेजपासून लांब ठेवायचं असं कमिटीत ठराव करून ठरलं. मला काम एकच. एअरपोर्टवर जायचं आणि स्वामी निरंजनदासांना आणायचं. हे स्वामी जन्माने ओहायोचे, गोरे. विषय वैराग्य. आजपर्यंत त्यांना मंडळातल्या कोणीच पाहिलेलं नाही. फ्लायरवर पण फोटोच्या जागी कमळ छापलेलं. बाबा म्हणाले, “केदार, ड्राइव्ह करायचं आहे फक्त. यात काही घोळ घालता येईल असं मला तरी दिसत नाही.”

बिचारे.

तर काल सकाळी आमच्या दुकानात (तेच, साउंड सिस्टिम भाड्याने देणारं. मी अजून तिथेच आहे, कॉलेजचं विचारू नकोस) एक म्हातारा गिटारचा ॲम्प घेऊन आला. घरघर करतोय म्हणाला. मी उघडून बघितलं, एक वायर सुटली होती, डाग मारून दिला. नाव काय लिहू विचारलं तर म्हणाला, “टेट.” मी म्हटलं, “फर्स्ट नेम?” तर म्हणाला, “पोरा, एके काळी हे कोणी विचारत नव्हतं.”

ताई, माझ्या हातातली सोल्डरिंग गन पडली. पँटला भोक आहे, पुरावा म्हणून ठेवलीये.

मग मी त्याला सोडतो कसला! म्हटलं मोटेलवर मी पोचवतो, फक्त मधे एअरपोर्टला जाऊन यायचंय. तो म्हणाला, “मला शनिवारी कुठेही जायचं नसतं, फक्त रात्री.” व्हॅनमध्ये ॲम्प चढवताना असा पाऊस आला की दोघंही चिंब. म्हातारा कुडकुडायला लागला. मागे स्वामींच्या सत्कारासाठीची भगवी शाल आणि नारळ होता. मी शाल दिली. त्याने बूट काढले, सॉक्स काढले, शाल गुंडाळली आणि गिटार मांडीवर घेऊन बसला.

आता तू इमॅजिन कर ना. वेणी, दाढी, भगवी शाल, अनवाणी. मला तेव्हा काही म्हणजे काही दिसलं नाही. मी नुसता प्रश्न विचारत होतो.

आणि तो सांगत होता! तुला सगळं पाठ आहे, पण त्याच्या तोंडून ऐकलंय मी, लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. कंपनीने त्याच्या गाण्यांवर त्याला न विचारता अठरा व्हायोलिनं चढवली. का, तर शहरातल्या लोकांना कापसाच्या शेताचा वास येऊ नये. हा भांडला. ते म्हणाले, काँट्रॅक्ट वाच. मग हा खिडकीतून आत शिरला आणि स्वतःच्याच गाण्यांच्या टेप उचलून घेऊन गेला! स्वतःची गाणी चोरली म्हणून जेलमध्ये जाणारा दुनियेतला पहिला माणूस असेन, म्हणाला. सुटून आला तर ट्रक स्टॉपवर त्याच टेपच्या कॉप्या विकल्या जात होत्या, ट्रकवाले त्याला आउटलॉ म्हणत होते, आणि ज्या कंपनीने आत टाकलं तीच कंपनी ‘आउटलॉ’ छापून पोस्टर काढायला त्याच्या दारात उभी. मी विचारलं, मग? “मग काय, मी सही केली. मी बंडखोर होतो, उपाशी राहायची हौस नव्हती.” पुढे चमचम शर्टवाले आले, हा मागे पडला, तीन बायका गेल्या, राहिली एक बस आणि ही गिटार. आता टेक्सासभर जुन्या डान्स हॉलमध्ये गातो. म्हणाला, “पहिल्या रांगेत आता माझ्या ट्रकवाल्यांची नातवंडं असतात. सगळे शब्द पाठ! जन्मले नव्हते रे तेव्हा.”

एअरपोर्टच्या एक्झिटला फोन आला. स्वामींचा असिस्टंट. वादळामुळे फ्लाइट शिकागोत अडकलं, स्वामी उद्या संध्याकाळी येतील.

हे मी बाबांना तिथल्या तिथे फोन करून सांगायला हवं होतं. माहितीये. पण म्हातारा म्हणाला भूक लागलीये. मी म्हटलं पाच मिनिटं हॉलवर जाऊ, शाल-नारळ परत देतो, बाबांना तोंडावरच सांगतो, तुम्हाला पॅक करून जेवण आणतो.

हॉलच्या दारात व्हॅन थांबली. मी उतरून पलीकडे जाईपर्यंत सुमेधा काकूंनी दार उघडलं, हातात आरतीचं ताट. त्यांनी बघितलं, शाल, दाढी, अनवाणी पाय. “या स्वामीजी!” झालं! पायांवर पाणी, कपाळाला कुंकू, गळ्यात हार. मी तोंड उघडलं होतं गं, खरंच उघडलं होतं. पण काकू म्हणाल्या, “केद्या, तू मधे मधे करू नकोस.” म्हणून नाही केलं.

ऑर्विल टेट माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “इथे जेवायच्या आधी हे सगळ्यांनाच करतात का?” मी म्हटलं, “हो.”

आणि मग बाबा आले. सिल्कचा कुर्ता, अध्यक्षांचा बिल्ला. ताई, बाबा वाकले आणि त्यांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं! ऑर्विल टेटच्या! ह्या क्षणी सांगितलं तर मंडळासमोर बाबांचं नाक कापलं जातं, आणि नाही सांगितलं तर पुढे कधी तरी. मी ‘पुढे कधी तरी’ घेतलं. मी नेहमी तेच घेतो.

त्याला स्टेजवर बसवलं. मी कानात म्हटलं, “मिस्टर टेट, लोकांना तुमचं आयुष्य ऐकायचंय. सोडून देण्याबद्दल बोला.” तो म्हणाला, “त्यात मी एक्स्पर्ट आहे.”

आणि बोलला की! टेक्सन लोक बोलतात तसा, एक शब्द, मग विचार, मग दुसरा शब्द. लोकांना वाटलं समाधीतून बोलतोय. म्हणाला, “माझं चौदा खोल्यांचं घर होतं. एका खोलीत झोपायचो, तेरा खोल्यांची काळजी करायचो. आता बसमध्ये झोपतो.” पुढच्या रांगेतून “वा!” जोशी काकांनी, ज्यांनी आत्ताच फ्रिस्कोत पाच बेडरूमचं घर बुक केलंय, त्यांनी मान खाली घातली. सुमेधा काकूंनी हात वर करून विचारलं, “स्वामीजी, तुम्ही सगळं सोडलंत कसं?”

“मॅडम, मी थोडंच सोडलं. बरंचसं मलाच सोडून गेलं.”

टाळ्या! मी स्पीकरमागे गुडघ्यांत तोंड खुपसून बसलो होतो.

मग तो म्हणाला, बोलून माझा घसा सुकतो, गाऊन नाही सुकत. गिटार दे म्हणून मला खूण केली. आणि ताई, त्याने ‘फाटक’ गायलं. तुझं ‘फाटक’.

‘फाटकाची कडी मी लावत नाही, वारा आपटतो तर आपटू दे. झोप मोडली तर मोडू दे, कोणी आलं तर कळायला हवं.’ तुला माहितीये ना, शेवटच्या कडव्यात तो मधेच थांबतो, इतका थांबतो की वाटतं विसरला? तसाच थांबला. आणि दीडशे मराठी माणसं, ज्यांना कंट्री म्युझिक म्हणजे गाईचा आवाज वाटतो, त्यांच्यातलं एक हललं नाही. सुमेधा काकूंचा राज कॅलिफोर्नियातून दिवाळीलाच फोन करतो, त्या पदर तोंडात धरून बसल्या. पण ज्यांची पोरं अजून मोठी झाली नाहीत, ते पण रडत होते! आधी कळेना. मग कळलं. अर्धा हॉल स्वतःच कोणाचा तरी गेलेला पोरगा होता. नागपूर, पुणे, सांगली, सगळीकडे कोणीतरी कडी न लावता बसलंय.

गाणं संपलं. कोणी टाळ्या वाजवेना, काय करायचं कळेना. शेवटी काकू ओरडल्या, “गणपती बाप्पा!” आणि हॉल फुटला, “मोरया!” त्याने डोक्यावर नसलेली हॅट उचलली.

बाबांचं तोंड मला दिसलं नाही. ते समईची वात सारत होते. बराच वेळ.

आता मुद्दा. परत सोडायला जाताना तो फॉइलमधले मोदक खात होता आणि मी तुझी डेमो सीडी लावली. न विचारता. ही तिसरी कबुली. त्याने खायचं थांबवलं. “फिडल कोण वाजवतंय?” मी म्हटलं माझी बहीण, नॅशव्हिलला असते, दिवसा दुकानात काम करते, संध्याकाळी दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर मागच्या व्हायोलिनांत बसते. (आई सांगते मला. तू तिला सांगतेस ते सगळं.) तो म्हणाला, “अठरांत बसून कोणीही खोटं रडू शकतं. एकट्या फिडलला लपायला जागा नसते. ही लपत नाहीये.” आणि म्हणाला, “एक सूर सोडून दुसऱ्यावर जाताना हिला पहिल्याचं वाईट वाटतं.”

ती मींड होती, ताई! नागपूरच्या तुझ्या गुरुजींची!

त्याच्या फिडलवाल्याचे हात संधिवाताने गेलेत. शनिवारी ६ ऑक्टोबरला डेंटनच्या पुढे एका जुन्या डान्स हॉलमध्ये शो आहे. साउंड माझा. तो म्हणाला, तिला आण.

ये ना.

केद्या

ता. क. बाबांना यातलं काही माहीत नाही. आज संध्याकाळी खरे स्वामी येतायत. प्रार्थना कर.

सोमवार, २४ सप्टेंबर २००७
दुकान, लंच ब्रेक

ताई!!

तुझं पोस्टकार्ड मिळालं! तीन वर्षांनी एक शब्द, ‘गाढव’. मी ते व्हॅनच्या डॅशबोर्डवर लावलंय, गणपतीच्या शेजारी. ‘येत नाही’ असं तू लिहिलं नाहीस, हे मी दहा वेळा उलटून सुलटून बघितलं.

खऱ्या स्वामींचं ऐक. मी बाबांना सांगून टाकलं, की कालचे स्वामी बदली होते, आश्रमाने ऐन वेळी पाठवले. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बरं.” एवढंच. बाबा आणि ‘बरं’!

स्वामी निरंजनदास आले. दाढी नाही, वेणी नाही, चकचकीत डोकं, चष्मा, लॅपटॉप. वैराग्यावर स्लाइड्स! तिसऱ्या स्लाइडला पोरं पार्किंगमध्ये. जेवताना सुमेधा काकू त्यांच्या पानात वाढता वाढता म्हणाल्या, “तुमचं पण छान झालं हो, पण कालचे स्वामी म्हणजे! किती सोसलंय त्यांनी!” आणि पर्समधून डिजिटल कॅमेरा काढून फोटो दाखवला.

मी हातातलं ताक सांडलं.

स्वामींनी चष्मा वर केला, फोटो जवळ घेतला, माझ्याकडे बघितलं. मग काकूंना म्हणाले, “हो. ते आमच्यातले फार सीनियर आहेत.”

एअरपोर्टच्या रस्त्यावर व्हॅनमध्ये दोघंच. मी स्टिअरिंग घट्ट धरून माफीची जुळवाजुळव करत होतो. तर स्वामी म्हणतात, “त्याने ‘फाटक’ गायलं का?” मी म्हटलं हो. म्हणे, “आणि शेवटी थांबला?” मी म्हटलं थांबला. स्वामी खिडकीबाहेर बघत म्हणाले, “माझे वडील ओहायोमधून स्टील लादून ट्रक चालवायचे. त्यांच्याकडे ती चोरलेली टेप होती. मी घर सोडून आश्रमात गेलो तेव्हा त्यांनी गाडीत ती टेप लावून मला स्टेशनवर सोडलं.” टर्मिनलला उतरताना म्हणाले, “तू केलंस ते चूक आहे. पुढच्या वेळी मला आधी सांग, मी स्वतःच फ्लाइट चुकवेन.”

ताई, मला सांग, असं काय आहे ह्या म्हाताऱ्यात? सूर कधी कधी खाली जातो, गिटारवर तीनच कॉर्ड्स, रेडिओवर कोणी लावत नाही. तरी ट्रकवाल्याचा मुलगा, ट्रकवाल्याचा नातू, स्वामी, काकू, सगळ्यांना वाटतं हे माझं आहे. मला वाटतं, तो कोणाला आवडावं म्हणून गात नाही, म्हणून. मंडळातली स्मार्ट माणसं आवडावं म्हणून काय काय करतात आणि कोणाचं कोणाला काही आठवत नाही. जाऊ दे, मी काय सांगणार, मी तर बीजगणितात दोनदा नापास.

म्हातारा काल दुकानात येऊन विचारून गेला, “फिडलवाली?” मी म्हटलं, “विचार करतेय.” तो म्हणाला, “करू दे. मी पण खिडकीत चढायच्या आधी केला होता.”

विसर्जन उद्या आहे. बादलीतच, सिटीच्या परवानगीने.

केद्या

सोमवार, १ ऑक्टोबर २००७
परत गराज

ताई,

व्हॉइसमेल ऐकला!! “रोझिन संपलंय. चांगलं आणून ठेव. बो घसरतो.” बस! हॅलो नाही, बाय नाही! मी दुकानात उडी मारली, डोकं स्पीकरला आपटलं. फिडलच्या बोवर घासायची ती राळ आणायला मी डॅलसपर्यंत गेलो, दोन प्रकारची आणली, गडद आणि फिकी, कारण कोणती लागते ते तू सांगितलंच नाहीस, नेहमीसारखं.

म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने नुसती मान हलवली, पण जाताना सोबत आणलेला ॲम्प विसरून गेला.

आता हे पत्र का, ते सांगतो. मला हे लिहायचं नव्हतं. मला शनिवारी बघायचं होतं तुझं तोंड, लपून, स्पीकरच्या मागून. आयुष्यातली सगळ्यात भारी गंमत झाली असती. पण स्टेजवरून तुला एकदम दिसलं आणि तू फिडल ठेवून निघून गेलीस तर? म्हणून सांगतो. पहिल्यांदाच गंमत आधी फोडतोय, कौतुक कर.

काल दुपारी बाबा गराजमध्ये आले. तू गेल्यापासून ते इथे येत नाहीत, लॉनमोअर पण मलाच काढायला लावतात. मी तारा गुंडाळत होतो. ते तुझ्या स्टुलावर बसले. बाबा, ज्यांची पाठ प्रोजेक्ट रिव्ह्यूला बसल्यासारखी ताठ असते, ते वाकून बसले.

“केदार.”

“हां बाबा.”

“त्या स्वामींच्या दंडावर गरुड गोंदलेला होता. खाली बाईचं नाव, वांडा.”

मी म्हटलं, “पूर्वाश्रमीचं असेल.”

“गाढवा,” बाबा म्हणाले. (तुमच्या दोघांचा आवडता शब्द एकच आहे, हे आत्ता लक्षात आलं.) “शाल घसरली तेव्हा दिसला. तरी मी म्हटलं असेल कोणी. मग तो गायला लागला.”

मी तारा सोडून दिल्या. म्हटलं आता येतंय. घराबाहेर तर घराबाहेर, व्हॅनमध्ये झोपायला जागा आहे. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही त्याच्या पाया पडलात, सॉरी.”

“पडलो ते पडलो. वयाने मोठा आहे.” मग भिंतीकडे हात केला, स्टडीच्या बाजूच्या. “मी पलीकडे बसायचो. लॅपटॉप उघडा असायचा. ती हेच वाजवायची, रोज. शेवटी शेवटी थांबायची ती. मला वाटायचं, विसरली. मग वाटायचं, मुद्दाम. मी वाट बघत बसायचो, पुढे कधी वाजवते.”

मी खाली बसून, मधे तोंड न घालता ऐकलं. हे पण पहिल्यांदाच.

“तो पण तिथेच थांबला,” बाबा म्हणाले. “तिथेच. मला वाटलं, आता पलीकडून ती वाजवेल.”

मग घसा खाकरला, अध्यक्षांसारखा. “हा माणूस परत कुठे गातो?”

मी सांगितलं. शनिवार, डेंटनच्या पुढे, डान्स हॉल. तिथे बिअर असते हेही सांगितलं, म्हटलं उगाच नंतर नको. बाबा म्हणाले, “असू दे. मी कोक घेईन.” मग विचारलं, तिथे कुर्ता चालेल का! मी म्हटलं, बाबा, तुम्ही काहीही घाला. ते म्हणाले, आईला मी कॉस्टकोला जातो म्हणून सांगणार आहे, तू फुटू नकोस. कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही. शपथ घातली, गणपतीची. आणि दाराशी जाऊन परत वळून म्हणाले, “आशूला तर अजिबात नाही. तिला वाटेल, मी हरलो.”

आशू म्हणाले, ताई. तीन वर्षांनी त्या तोंडातून तुझं नाव ऐकलं मी.

तू वाजवणार आहेस हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलेलं नाही. आईला सांगितलं, रडली आणि लगेच चकल्यांची भाजणी काढून बसली. ती पण येतेय, तिने बाबांना सांगितलंय की ती सुमेधा काकूंकडे जातेय. म्हणजे शनिवारी ह्या घरातली सगळी माणसं एकमेकांना थापा मारून एकाच ठिकाणी येणार आहेत, आणि मला म्हणतात घोळ घालणारा!

बाबांना मी उजवीकडे खांबाजवळ बसवतोय, तिथे उजेड कमी आहे. ‘फाटक’ शेवटून दुसरं आहे. म्हातारा म्हणाला, थांबायची जागा ह्यावेळी तो तुझ्यासाठी सोडणार आहे. तू हवं तितकं थांब. माइक मी चालूच ठेवतो. पण नंतर वाजव, काय. पलीकडे माणूस बसलेला असेल.

आणि ताई, हात जोडतो, पाया पडतो, ऑर्विल टेटच्या पडलो नाही इतका पडतो: मी शपथ मोडली हे कोणाला सांगू नकोस. आईला नको, सुमेधा काकूंना तर मुळीच नको, म्हाताऱ्याला पण नको, तो स्टेजवर बोलून टाकेल. आणि बाबा भेटले की आश्चर्य वाटल्यासारखं कर. तुला नाटक जमत नाही, आरशात प्रॅक्टिस कर. प्लीज, प्लीज. कोणाला, कोणाला सांगू नकोस.

केद्या